आधी न्याय, मग दया



गावात खून झाला की पारावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "फाशीच द्या." दुसरा म्हणतो, "अहो, त्यानं अब्रूपायी केलं. आणि आपल्या पायानं चौकीत गेला की! सोडून द्या." दोघेही तावातावाने बोलतात. जो मेला त्याची आठवण मात्र कोणालाच राहत नाही.

आज आपण अशाच एका खटल्याची हकीकत ऐकू. ती खेड्यातली नाही, मुंबईची आहे. पण तिच्यातून आपल्याला घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कावस नानावटी हे नौदलातले अधिकारी होते. घरी पत्नी आणि तीन मुले. २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीने त्यांना एक गोष्ट सांगितली. प्रेम आहुजा नावाच्या गृहस्थांवर तिचे मन बसले होते. नानावटींनी बायकोमुलांना सिनेमाला पोचवले. मग ते जहाजावर गेले. खोटे कारण सांगून रिव्हॉल्वर व गोळ्या घेतल्या. तेथून आहुजांच्या घरी गेले. तिथे गोळ्या सुटल्या आणि आहुजा मेले. नानावटी स्वतः पोलिसांच्या स्वाधीन झाले.

खटला उभा राहिला. त्या वेळी मुंबईत अशा खटल्यांना ज्युरी असे. ज्युरी म्हणजे लोकांमधून निवडलेले पंच. नानावटींचे म्हणणे असे की, झटापटीत गोळ्या सुटल्या. नऊ पंचांपैकी आठ जणांनी त्यांना निर्दोष म्हटले. न्यायाधीशांना ते पुराव्याला धरून वाटले नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. मार्च १९६० मध्ये उच्च न्यायालयाने नानावटींना खुनाबद्दल जन्मठेप दिली.

पण बाहेर काय चालले होते? लोकांना नानावटींचा पुळका आला होता. 'ब्लिट्झ' नावाचे साप्ताहिक त्यांची बाजू घेऊन लिहीत होते. त्याचा २५ पैशांचा अंक २ रुपयांना विकला जाई. त्यांच्यासाठी सभा भरल्या. शिक्षा झाली त्याच दिवशी राज्यपालांनी ती तहकूब केली. नानावटी तुरुंगात न जाता नौदलाच्या ताब्यात राहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अपील आमच्यापुढे असताना असा हुकूम चालणार नाही.

आम्ही विचारतो, एखाद्या शेतमजुराच्या हातून असे झाले असते, तर एवढी धावाधाव झाली असती का? हे तुम्हीच सांगा.

लोकांच्या मनात आले, माणूस रुबाबदार आहे, देशाचा सैनिक आहे, बायकोने त्याला दुखावले, आणि तो स्वतः हजर झाला. एवढ्यावर त्यांनी निकाल देऊन टाकला. आहुजा वाईट ठरले. आता आहुजा कसे होते, ते आहुजा येऊन थोडेच सांगणार? मेलेल्याला तोंड नसते. म्हणून तर त्याच्या बाजूने सरकार उभे राहते.

२४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. न्यायालयाने घड्याळ पाहिले. नानावटी घरातून निघाले आणि गोळ्या सुटल्या, यात सुमारे तीन तास गेले होते. एकाएकी राग अनावर होऊन हातून घडले, तर कायदा त्याचा विचार करतो. पण तीन तासांत माणूस भानावर येऊ शकतो. सिनेमा, जहाज, रिव्हॉल्वर, हे सारे मधल्या वेळात घडले. रागाने डोके फिरले असे म्हणायला जागा उरली नाही.

पुढे १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींना माफी दिली. आहुजांच्या बहिणीने त्या माफीला संमती दिली होती. आपल्या राज्यघटनेने राज्यपालांना असा अधिकार दिला आहे. तेव्हा दयेला कायद्यात जागा आहे. पण क्रम पाहा. आधी अपराध ठरला. मग शिक्षा झाली. मग ज्या घरचे माणूस गेले त्या घरचा शब्द घेतला. दया आली ती शेवटी.

आता पश्चात्तापाचे बोलू. चौकीत हजर होणे चांगलेच. पळून जाण्यापेक्षा ते केव्हाही बरे. पण हजर झाला म्हणजे पश्चात्ताप झाला, असे नव्हे. रडला म्हणजेही नव्हे. पश्चात्ताप झालेला माणूस आपला गुन्हा कबूल करतो, सबबी सांगत नाही, शिक्षा भोगतो, आणि मेलेल्याच्या घरच्यांपुढे मान खाली घालतो. हे एका दिवसात दिसत नाही. त्याला वर्षे लागतात.

आणि क्षमा करणारे आपण कोण? ज्या माउलीचा मुलगा गेला, ज्या बहिणीचा भाऊ गेला, क्षमा तिने करावी. तिला ती करायची नसेल, तर गावाने तिच्यावर जबरदस्ती करू नये. ती करीत असेल, तर गावाने तिला नावे ठेवू नयेत.

तसेच 'अब्रूपायी केलं' हे शब्द आपण तोंडातून काढू नयेत. ते ऐकून उद्या दुसरा कोणी कोयता उचलील. बायको नांदत नसेल, मन दुसरीकडे गेले असेल, तर काडीमोडाला कायदा आहे. वडीलधारी माणसे आहेत. जीव घेणे हा त्यावर उपाय नाही.

म्हणून मंडळी, पुन्हा पारावर असा विषय निघाला, तर एवढेच विचारा : "जो मेला त्याच्या घरी कोणी जाऊन आलं का?"