वार्तापत्र कोणासाठी?



कॉलेजात माणूस भाषा शिकवायला जातो आणि हळूहळू त्याच्या गळ्यात नाना कामं पडतात. माझ्या गळ्यात पडलं ते क्रीडा वार्तापत्र. दर तीन महिन्यांनी चार पानं छापायची आणि कॉलेजच्या खेळाडूंच्या बातम्या त्यांत द्यायच्या. मी स्वतः मैदानाला कधी फेरी मारलेली नाही. पण शुद्धलेखन बरं, म्हणून हे काम मला मिळालं.

पहिला अंक मी मोठ्या हौसेनं काढला. पहिल्या पानावर हार घातलेले प्रमुख पाहुणे, आत त्यांचं भाषण, शेवटी विजेत्यांची यादी. सगळे खूष, मीही खूष.

पुढं दिवाळीच्या सुट्टीत एका विद्यार्थिनीच्या गावी जाणं झालं. मुलगी १५०० मीटर पळणारी. घरात शिरलो तो आमचा अंक फळीवर डब्यांखाली अंथरलेला! वडिलांनी तो ओढून काढला, झटकला आणि म्हणाले, "सर, ह्यात आमच्या पोरीचं नाव कुठं हाय?" नाव नव्हतं. ती चौथी आली होती, आणि यादी तिसऱ्या नंबरवर संपत होती. आई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाल्या, "पंधराशे मीटर म्हंजे किती वो?" मी सांगितलं, चारशे मीटरच्या मैदानाच्या पावणेचार फेऱ्या. माउलीनं तसलं मैदान कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, आपल्या दारातनं ओढ्यापर्यंत जायचं न् परत यायचं." तेव्हा कुठं ते अंतर त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

बोलता बोलता आणखी एक गोष्ट निघाली. आदल्या वर्षापेक्षा ही मुलगी ३५ सेकंद लवकर पोचली होती. एका वर्षात ३५ सेकंद! बातमी ती होती, आणि मी हार छापला होता. घरात तिचं पळणं बंद करायचा विचार चालला होता. नंबर येत नाही, मग पहाटे पाचला उठायचं कशाला? त्यांचं चुकलं असं मी कोणत्या तोंडानं म्हणू? दुसरा पुरावा त्यांच्यापुढं कोणी ठेवलाच नव्हता. पुढच्या हंगामात ती मैदानावर आली नाही.

तेव्हापासून अंक जुळवायला बसलो की मी आधी विचारतो, हे वाचणार कोण? खेळाडू? तो आपलं नाव पाहून पान मिटतो. खेळाचा शौकीन? त्याला मोठ्या सामन्यांची खबर खिशातल्या फोनवर घटकाभरात मिळते. अधिकारी मंडळी? ती आपला फोटो पाहतात. मग उरतं कोण? ज्याच्या एका शब्दावर एखाद्या मुलाचं खेळणं चालू राहतं किंवा थांबतं, तो. आई, बाप, थोरला भाऊ आणि गावच्या शाळेतले गुरुजी. माझ्या मते आदर्श वाचक हाच. त्याला खेळातलं कळत नसेल. कळवणं हे आमचं काम.

आपल्याला खाशाबा जाधव ठाऊक आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा विद्यार्थी. १९४८ साली लंडनला ते सहावे आले. सहावे! आमच्या यादीत त्यांचंही नाव आलं नसतं. पण त्या सहाव्या नंबरात पुढचं पदक दडलेलं आहे, हे ओळखणारी माणसं होती. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. मग स्वागताला बैलगाड्यांची रांग लागली. मिरवणुकीत जायला सगळेच तयार असतात. प्रश्न आहे तो मिरवणुकीच्या आधी कोण उभं राहतं याचा. प्राचार्यांनी विद्यार्थी डोळ्यांनी पाहिला होता. ज्याला मैदानापर्यंत येणं जमत नाही, त्याला ते पाहणं घरी पोचवावं, एवढ्यासाठी वार्तापत्र.

म्हणून आता आम्ही चौथ्या-पाचव्याचंही नाव देतो, नावापुढं गाव देतो, आणि गेल्या वर्षीची वेळ व यंदाची वेळ शेजारी शेजारी छापतो. कॉलेजातून विद्यापीठाच्या संघात, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत, अशी वाट कशी जाते ते साध्या भाषेत सांगतो. निवड चाचणी कधी, कागद कोणते, जाण्यायेण्याची सोय काय, हे चौकटीत देतो. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव असतात आणि त्यांना नियम काय, हेही बापाला कळलं पाहिजे. प्रमुख पाहुण्यांना आता दोन ओळी मिळतात. त्यांची तक्रार अद्याप आलेली नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, असला अंक आपल्या शाळेत आला तर तो कपाटात ठेवू नका. आपला माजी विद्यार्थी त्यात असेल, तर संध्याकाळी त्याच्या घरी जा आणि तेवढ्या चार ओळी मोठ्यानं वाचून दाखवा. मीटर म्हणजे काय हे कोणी विचारलं, तर गावातला ओढा दाखवा.

अंक मग डब्यांखाली गेला तरी चालेल.