गुन्हेशास्त्राची पदवी आणि कर्जाचा हिशेब

(विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? पूर्वी या प्रश्नाची उत्तरे मोजकी होती. आता गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक शास्त्र, म्हणजेच फॉरेन्सिक सायन्स, यांच्या पदव्यांकडेही तरुणांचा ओढा दिसतो. दूरचित्रवाणीवरील तपासकथांनी या विषयांना वलय दिले हे खरे. परंतु या ओढ्यास केवळ वलयच कारण आहे असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ नुसार, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करणे आवश्यक ठरविण्यात आले. ही तरतूद अमलात आणण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतची मुदत देण्यात आली आहे. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने या क्षेत्रातील सुविधांसाठी सुमारे २,२५४ कोटी रुपयांची योजनाही मंजूर केली. अशा तज्ज्ञांची गरज वाढणार, यात शंका नाही.

तथापि देशाची गरज वाढणे आणि एखाद्या विद्यार्थ्यास वेळेवर नोकरी मिळणे, या दोन भिन्न गोष्टी होत. सरकारी प्रयोगशाळेतील पद आधी मंजूर व्हावे लागते, मग जाहिरात निघते, परीक्षा होते आणि त्यानंतर नेमणूक मिळते. बँकेचा हप्ता मात्र जाहिरातीची वाट पाहत थांबत नाही.

हा हिशेब आकड्यांत मांडून पाहावा. समजा, खासगी विद्यापीठाचे शुल्क व वसतिगृह मिळून वर्षाला अडीच लाख रुपये लागतात. तीन वर्षांचे साडेसात लाख झाले. व्याजदर दहा टक्के धरू. शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज चालूच असते. त्या चार वर्षांत सरळ व्याजानेच सव्वादोन लाखांची भर पडते आणि परतफेड सुरू होताना कर्ज पावणेदहा लाखांचे झालेले असते. दहा वर्षांच्या मुदतीत फेडायचे म्हटले तर महिन्याचा हप्ता सुमारे १२,९०० रुपये पडतो आणि एकूण परतफेड साडेपंधरा लाखांच्या घरात जाते. घेतले साडेसात, फेडले साडेपंधरा! मुदत पंधरा वर्षे केली तर हप्ता सुमारे साडेदहा हजारांवर येतो, पण एकूण रक्कम पावणेएकोणीस लाखांच्या पुढे जाते.

आता जमेची बाजू पाहू. पहिली नोकरी वीस हजारांची मिळाली, तर १२,९०० रुपये हप्त्यास गेल्यावर हाती ७,१०० उरतात. मुंबई-पुण्यात एवढ्यात खोलीचे भाडे तरी भागेल काय? अशा वेळी मुलाच्या अंगी गुण असूनही तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सोडून मिळेल ती नोकरी धरतो. ज्या पदवीने वाट मोकळी करायची, तिच्याच कर्जाने वाट अडते. साडेसात लाखांवरील कर्जासाठी बँका सामान्यतः तारण मागतात. तेव्हा विद्यार्थ्याच्या निर्णयात आई-वडिलांचे घरही गुंतते.

म्हणून माल भरताना व्यापारी जसा पोत, पन्हा आणि खप पाहतो, तसे पदवीबाबत तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : ही पदवी असे कोणते दार उघडते, जे स्वस्त पदवीने उघडत नाही? महाराष्ट्रात पोलीस उपनिरीक्षक पदाच्या परीक्षेस कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. दिल्ली पोलिसांतील उपनिरीक्षक पदासही तेच लागू आहे. सातव्या वेतन आयोगाने त्या पदाचे प्रारंभीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये ठरविले. भारतीय पोलीस सेवेचे दारही कोणत्याही पदवीधरास खुले आहे. ज्यांना खाकी वर्दी हवी, त्यांनी केवळ त्यासाठी गुन्हेशास्त्राच्या पदवीचे कर्ज काढण्याचे कारण नाही. वकील किंवा न्यायाधीश व्हावयाचे, तर कायद्याची पदवी लागते. प्रयोगशाळेत काम करावयाचे, तर विज्ञानाचा पाया हवा.

दुसरा : तेच शिक्षण कमी खर्चात मिळते काय? मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरचे राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या केंद्रीय कायद्याने स्थापन झाले. गावाजवळच्या महाविद्यालयातून रसायनशास्त्राची पदवी घेऊन पुढे न्यायवैद्यक शास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा मार्गही आहे. त्यात खर्च कमी येतो आणि न्यायवैद्यकात संधी न मिळाल्यास औषधनिर्मितीसारखे दुसरे क्षेत्रही खुले राहते.

तिसरा : मागील तुकडीतील विद्यार्थी आज कोठे आहेत? माहितीपत्रकातील सर्वांत मोठा पगार पाहू नये. मधल्या विद्यार्थ्याचा पगार विचारावा. संस्था उत्तर टाळत असेल, तर तेच उत्तर समजावे.

हप्ता पहिल्या पगाराच्या पंचमांशाहून अधिक नसावा, हा साधा ताळा ठेवावा. कर्ज अपरिहार्यच असेल, तर शिकतानाच व्याज भरत जावे. वरील उदाहरणात त्याने हप्ता सुमारे ९,९०० वर येतो आणि एकूण खर्चात सव्वा लाखाहून अधिक बचत होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत, निवडक संस्थांतील विद्यार्थ्यांना कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ते सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याज-सवलतीची सोय आहे. निवडलेली संस्था त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

शिक्षणासाठी कर्ज काढणे यात कमीपणा नाही. गुन्ह्याचा छडा लावणे आणि निरपराधास सोडविणे हे मोठे कार्य आहे. त्यासाठी बुद्धिमान मुला-मुलींनी अवश्य पुढे यावे. मात्र पुराव्याची पारख करण्याचे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्याने पहिला पुरावा आपल्याच पदवीचा मागावा. पालकांनीही मुलांसमवेत कागद-पेन्सिल घेऊन एक संध्याकाळ बसावे. तो हिशेब प्रवेश अर्जावर सही होण्यापूर्वी झाला, तर पुढची दहा वर्षे सुखाची जातील.