एका पडद्यापुढें दोघें

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त केडगांव येथें भरलेल्या दांपत्य-मेळाव्यांत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या व्यवस्थापक मंडळींनीं "संसारांतील निर्दोष आनंद" या विषयावर चार शब्द बोलण्याची मला आज्ञा केली. मी धर्मशास्त्राचा पंडित नाहीं. आयुष्यभर शाळेंत मुलांस गणित शिकविलें, आणि आतां निवृत्त होऊन घरीं बसलों आहें. ज्याविषयीं स्वानुभवानें बोलतां येईल असा एकच आनंद डोळ्यांपुढें आला, आणि तो सांगतांना थोडा संकोच वाटतो. रात्रीं जेवणें आटोपल्यावर पतिपत्नींनीं शेजारीं शेजारीं बसून दूरचित्रवाणीवरील नवी मालिका पाहणें, हा तो आनंद होय. समोर कांहीं भगिनी हंसतांना दिसत आहेत. त्याअर्थीं विषय अगदींच परका नसावा.

आपल्या आजोबा-आजींच्या काळीं नवराबायकोनें एकत्र बसून करमणूक पाहावी अशी चालच नव्हती. कीर्तनास पुरुष एका बाजूस आणि बायका दुसऱ्या बाजूस. नाटकगृहांत स्त्रियांची जागा निराळी. तमाशाचें तर नांवच काढावयास नको. मिस्सेच्या वेळीं सुद्धां पुष्कळ ठिकाणीं पुरुष एकीकडे व स्त्रिया दुसरीकडे बसत. दोघांनीं एकच गोष्ट ऐकावी, पण ऐकतांना एकमेकांचा चेहरा दिसूं नये, अशी ती रीत होती. घरीं आल्यावर तिच्याविषयीं बोलावें, तर घर माणसांनीं भरलेलें असे.

ही रीत कोणी व्याख्यान देऊन मोडली नाहीं. ती एका पेटीनें मोडली. मुंबई दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें, आणि पुढल्याच वर्षीं पुणें येथील प्रक्षेपकामुळें त्याचे कार्यक्रम पुण्याकडेही दिसूं लागले. आपल्या नगरकडे तेंच प्रक्षेपण पकडण्यासाठीं उंच लोखंडी खांबावर अँटेना चढवावी लागे. वारा सुटला कीं एकजण कौलांवर आणि एकजण खिडकीशीं! "आलें का?" "नाहीं आलें!" "आतां?" असा संवाद सगळ्या गल्लीस ऐकूं येई. चि. वि. जोशी यांच्या कथांवरून केलेल्या मालिकेंत दिलीप प्रभावळकर यांचा चिमणराव व बाळ कर्वे यांचा गुंड्याभाऊ आम्हीं असाच, मुंग्यांनीं भरलेल्या पडद्यावर पाहिला. सबंध गल्लींत पेटी एक, आणि दारापुढें चपलांचे जोड तीस!

रामानंद सागर यांचें 'रामायण' 25 जानेवारी 1987 पासून 31 जुलै 1988 पर्यंत दर रविवारीं सकाळीं दाखविलें गेलें. आमच्या लग्नास तेव्हां तीन वर्षें झालीं होतीं. मिस्सा आटोपून आम्ही शेजाऱ्यांच्या घरीं जात असूं, व दाटीमुळें एकाच सतरंजीवर बसत असूं. सीतेचें दुःख पाहून एके दिवशीं माझी पत्नी पदर तोंडाला लावून रडूं लागली. बंधूंनो, तीन वर्षें संसार करून ही बाई कशानें रडते हें मला ठाऊक नव्हतें! तें मला शेजाऱ्याच्या सतरंजीवर प्रथम कळलें.

पुढें वाहिन्यांचें युग आलें. 1999 सालीं अल्फा मराठी निघाली, व 2005 सालीं तिचें नांव झी मराठी झालें. 2000 सालीं ई टीव्ही मराठी निघाली. तीच आजची कलर्स मराठी. 2008 सालीं स्टार प्रवाह आली. 'चार दिवस सासूचे' ही मालिका 2001 पासून 2013 पर्यंत चालली, व तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. तेवढ्या काळांत आपल्यांपैकीं कित्येकांच्या घरीं सुना येऊन नातवंडें शाळेंत जाऊं लागलीं. 'होम मिनिस्टर' या कार्यक्रमांत आदेश बांदेकर 2004 पासून 2022 पर्यंत घरोघर फिरले. स्त्रिया पैठणीसाठीं खेळत. पण मला आवडे तो भाग निराळा. हे भावोजी नवराबायकोंस त्यांच्या संसाराच्या गोष्टी विचारीत, आणि बायकोविषयीं चार शब्द बोलतांना मोठमोठ्या बाप्यांची जीभ अडखळे. तें पाहून मी हंसें. आपलीही तीच गति आहे हें माझ्या ध्यानीं येत नसे.

कारण त्या सुमारास आमच्या घराची स्थिति काय होती? मुलें शिकून पुण्यास गेलीं. घरांत उरलों आम्ही दोघें. बाहेरच्या खोलींत मी बातम्या पाहावयाच्या, आणि आंतल्या खोलींत तिनें मालिका पाहावयाच्या. पुढें हातांत मोबाईल आला, आणि मग एका खोलींत बसूनही दोघें दोन गांवीं असल्यासारखीं होऊं लागलों. भांडण नव्हतें. "जेवण वाढूं का?" "वाढ." "दिवा मालवूं का?" "मालव." एवढ्यांत दिवस सरत असे, आणि यालाच मी शांतता म्हणत होतों. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं 1994 सालच्या संपर्कमाध्यम-दिनाचा संदेश 'दूरचित्रवाणी आणि कुटुंब' याच विषयावर दिला होता. ही पेटी घरच्या माणसांस जवळ आणूं शकते, तशीच ती प्रत्येकास आपापल्या खाजगी जगांत कोंडूनही ठेवूं शकते, असा इशारा त्यांत होता. त्या इशाऱ्याचा अर्थ मला आमच्याच दोन खोल्यांत दिसला.

या दोन खोल्या पुन्हा एक कशा झाल्या तें सांगतों. 2016 सालीं 'रात्रीस खेळ चाले' ही कोकणांतील नाईक कुटुंबाची भुताखेतांची मालिका आली होती. तिचें दुसरें पर्व जानेवारी 2019 मध्यें रात्रीं साडेदहाच्या वेळेस सुरू झालें, व त्यांत पहिल्या पर्वापूर्वींची हकीकत होती. माझ्या पत्नीस ती एकटीनें पाहण्याची भीति वाटे, आणि पाहिल्यावांचून राहवत नसे. एके रात्रीं ती बाहेर येऊन म्हणाली, "अहो, जरा आंत येऊन बसतां का? पाहूं नका, नुसते बसा." मी वर्तमानपत्र घेऊन बसलों. चार रात्रींनंतर वर्तमानपत्र बरोबर नेण्याचें मला स्मरण राहिलें नाहीं.

मग सायंकाळपासूनच आमची चर्चा चाले. आज काय होईल, कोण खोटें बोलत आहे, वाड्यांत नक्की कोण फिरतें. तिचे तर्क बहुधा खरे ठरत आणि माझे खोटे. गणिताच्या मास्तरास हें थोडें जड गेलें!

त्या मालिकेंत अण्णा नाईक हा घरचा कर्ता पुरुष शेवंता नांवाच्या स्त्रीच्या नादीं लागतो, आणि त्याची पत्नी माई पुष्कळ कांहीं गिळून घर सांभाळीत राहते. एके रात्रीं मी सहज म्हणालों, "या माईला कांहीं वाटत नाहीं काय? गप्प कशी बसते ही?" पडद्यावरची दृष्टि न काढतां माझी पत्नी म्हणाली, "गप्प बसते खरी. पण तिला कोणी विचारलें आहे का?"

बंधुभगिनींनो, त्याच महिन्यांत मीं केडगांवचें आमचें घर विकून पुण्यास मुलाजवळ राहावयास जाण्याचें नक्की केलें होतें. गिऱ्हाईकाकडून पंचवीस हजार रुपये इसारही घेतला होता. पत्नीस मीं सांगितलें होतें, आणि ती "बरें" म्हणाली होती. मी अण्णा नाईक नाहीं. पण सांगणें आणि विचारणें यांत अंतर आहे, हें त्या रात्रीं मला उमगलें, व झोंप लागली नाहीं.

दुसऱ्या रात्रीं भाग संपतांच मीं पेटी बंद केली आणि विचारलें, "अगं, पुण्यास जाण्याविषयीं तुला काय वाटतें?" ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग म्हणाली, "आतां विचारतां होय?" आणि त्यानंतर दीड वाजेपर्यंत ती बोलत होती. तिची आई येथल्या दफनभूमींत आहे. मे आणि ऑक्टोबर महिन्यांत घरोघर जपमाळ म्हणावयास ज्या बायका निघतात, त्यांत ती तीस वर्षें जात आहे. "पुण्यास मी तुमच्या मुलाची आई होऊन राहीन," ती म्हणाली, "पण येथें मला माझ्या नांवानें ओळखतात." मला उत्तर सुचलें नाहीं.

घर विकलें नाहीं. बोलीप्रमाणें इसार दुप्पट परत करावा लागला, आणि मुलगाही कांहीं दिवस रुसला. आतां पावसाळ्याचे दोन महिने आम्ही पुण्यास जातों व उरलेले दहा महिने येथें राहतों. पंचवीस हजारांची ती खोट निवृत्त शिक्षकास लहान नव्हे. पण इतका स्वस्त धडा मला दुसऱ्या कोठें मिळाला नसता.

मालिकेनें मला शहाणें केलें असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. भुतांच्या गोष्टींत शहाणपण थोडेंच असतें. पुष्कळ मालिकांत तर कारस्थान व भडकपणा यांवांचून कांहीं नसतें, आणि त्या दोघांनीं मिळून पाहिल्या म्हणून चांगल्या होत नाहींत. मी सांगतों तें एवढेंच कीं, जी गोष्ट नवराबायकोस समोरासमोर बोलवत नाहीं, ती पडद्यावरील तिऱ्हाइताच्या निमित्तानें तोंडाबाहेर पडते. ती ऐकूं येण्यास मात्र शेजारीं बसलेलें असावें लागतें.

आपल्या धर्मसभेनें या पेटीलाही एक आश्रयदात्री दिली आहे, हें कित्येकांस नवल वाटेल. पोप बारावे पायस यांनीं असिसीच्या संत क्लारा यांस हा मान दिला. नाताळच्या रात्रीं त्या आजारानें अंथरुणास खिळल्या होत्या. दूर मंदिरांत चाललेली उपासना त्यांस आपल्या खोलींतूनच दिसली व ऐकूं आली, अशी कथा आहे. तिचा अनुभव आम्हांस 27 मार्च 2020 रोजीं आला. टाळेबंदी होती आणि चर्चचीं दारें बंद होतीं. पोप फ्रान्सिस हे रोममध्यें पावसानें भिजलेल्या, अगदीं रिकाम्या चौकांत एकटे उभे राहून प्रार्थना करीत होते. आपल्याकडे तेव्हां रात्रीचे साडेदहा वाजले होते. आमच्या भुताच्या मालिकेची तीच वेळ! त्याच खोलींत, त्याच पडद्यापुढें आम्ही दोघें गुडघे टेकून होतों. आशीर्वाद संपल्यावर पत्नीनें माझा हात धरला. एक वर्षापूर्वीं ती आंत आणि मी बाहेर असतों, हा विचार माझ्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

तरुण दांपत्यांस माझी विनंति अशी आहे. दिवसांतून एकच कार्यक्रम निवडा, पण तो दोघांनीं मिळून निवडा. एक दिवस तिच्या आवडीचा, एक दिवस त्याच्या. त्या वेळीं मोबाईल दुसऱ्या खोलींत ठेवा. कार्यक्रम संपला कीं पुढचा लागण्यापूर्वीं पेटी बंद करा, आणि पांच मिनिटें तरी बसून राहा. त्या पांच मिनिटांत जें बोलणें निघेल तें कदाचित् मालिकेविषयीं असेल, कदाचित् नसेल. वेदीपुढें आपण सुखांत व दुःखांत सोबत करण्याचें वचन दिलें आहे. साध्या रिकाम्या संध्याकाळी त्या वचनाबाहेर नाहींत.

'रात्रीस खेळ चाले' चें तिसरें पर्व 2021 सालीं आलें आणि गेलें. त्यानंतर कितीतरी नव्या मालिका आल्या. आतां माझ्या पत्नीस भूत पाहूनही भीति वाटत नाहीं. तरी वेळ झाली कीं ती आंतून हांक मारते, "अहो, येतां ना? सुरू होतें आहे." आणि मी जातों.

परमेश्वर आपल्या सर्व घरांवर कृपा करो.