नववीतला रिकामा बाक



नववीच्या दुसऱ्या सहामाहीत माझा बाक रिकामा होता. बाबांच्या सांगण्यावरून बाईंनी वर्गात 'तो गावी गेलाय' असं सांगितलं. मनवेलपाड्यात तेव्हा कॅन्सर हा शब्द कुजबुजतच बोलत. मी रोज विरार लोकलने परळला, टाटा हॉस्पिटलात शेक घ्यायला जात होतो.

त्या किरणांनी मी वाचलो, हे आधी सांगतो. पण किरण डीएनएचे दोन्ही धागे तोडतात. शेजारची निरोगी पेशी तुटलेली टोकं घाईघाईने जोडते. जोडताना कधी काही अक्षरं गळतात, कधी तुकडा उलटा बसतो. 2016 साली इंग्लंडच्या सँगर संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी किरणोपचारानंतर उद्भवलेल्या 12 गाठींचा डीएनए वाचला, तेव्हा नेमक्या याच दोन खुणा दिसल्या. असा दुसरा कॅन्सर थोड्यांनाच होतो, बहुधा कित्येक वर्षांनी.

बरे झालेल्या मुलांसाठी टाटात 1991 पासून वेगळी ओपीडी आहे. मी अकरावीनंतर तिकडे फिरकलो नाही. घर बदलताना फाईलही रद्दीत घातली, मीच.

गेल्या वर्षी शेक दिलेल्या जागीच, मानेला गाठ लागली. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "किती मात्रा दिली होती?" उत्तर आईच्या ट्रंकेतल्या एका पिवळ्या कार्डावर सापडलं. गाठ साधी निघाली. ते पंधरा दिवस मात्र विचारू नका.

कुणाच्या घरी लहानपणी शेक घेतलेलं माणूस असेल, तर कागद शोधा आणि मला फोन करा. तपासणीला सोबत येईन. लोकल अजून तीच पकडतो.