जनुकांच्या प्रतींची मोजदाद
(पहाडगंज, नवी दिल्ली येथे मराठी वाचकांसमोर दिलेले भाषण)



आपण बसलो आहोत त्या पहाडगंजच्या पश्चिमेस काही मैलांवर मायापुरीचा भंगार बाजार आहे. 2010 सालच्या एप्रिल महिन्यात तेथे कोबाल्ट-60 हे किरणोत्सर्गी द्रव्य उघड्यावर आले. दिल्ली विद्यापीठातून भंगारात विकल्या गेलेल्या एका जुन्या उपकरणात ते होते. अनेक जण आजारी पडले. त्यांतील एक कामगार दगावला. प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याच्या छातीवर प्रारणाची मात्रा नोंदविणारा बिल्ला असतो. भंगार फोडणाऱ्याजवळ तो कोठून असणार? मग त्याच्या देहाने किती प्रारण सोसले, हे ठरवावयाचे कसे? त्याची नोंद त्याच्या पेशींतच शोधावी लागते.

प्रारणाने गुणसूत्रे तुटतात. तुटलेला तुकडा पेशीविभाजनात मागे राहिला, तर त्यावरील जनुकेही जातात. माणसाच्या पेशीत बहुतेक जनुकांच्या दोन प्रती असतात. ‘प्रत’ हा ग्रंथालयातील शब्द येथे नेमका लागू पडतो. प्रती मोजण्यासाठी पॉलिमरेज साखळी अभिक्रिया वापरतात. तीत दर फेरीस डीएनए सुमारे दुप्पट होतो. म्हणून मूळ प्रती निम्म्या असल्या, तर ठरलेली पातळी गाठण्यास एक फेरी अधिक लागते.

परंतु या मोजणीत दोन चकवे आहेत. प्रारण लागलेल्या पुष्कळ पेशी, डीएनए दुप्पट झाल्यानंतर पण विभाजनापूर्वी, थबकतात. त्यांत त्याच जनुकाच्या चार प्रती आढळतात. ती वाढ नव्हे. यासाठी संशयित जनुकाची तुलना त्याच पेशींतील दुसऱ्या, स्थिर जनुकाशी करावी लागते.

दुसरा चकवा सरासरीचा. शंभर ग्रंथालयांत एका पुस्तकाच्या दोन-दोन प्रती आहेत आणि एकाच ग्रंथालयातील एक प्रत हरवली, तर एकूण संख्या 200 वरून 199 होईल. एवढा फरक मोजणीच्या चुकीतही लपून जातो. शिवाय तुकड्यांची केवळ अदलाबदल झाली, तर प्रतींची संख्या पूर्ण भरते, मांडणी मात्र बिघडलेली असते.

म्हणूनच मात्रेचा अंदाज करताना तज्ज्ञ रक्तातील लसीकापेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहतात आणि दोन गुणसूत्रबिंदू असलेली विकृत गुणसूत्रे मोजतात. सामान्य माणसात अशी विकृती हजार पेशींत एखादीच सापडते. मात्रेबरोबर तिचे प्रमाण वाढत जाते. मात्र अशा पेशी कालांतराने रक्तातून कमी होतात. रक्ताचा नमुना वेळेवर घेतला नाही, तर ही नोंद पुसट होत जाते.

उपचाराची दिशा ठरविताना या आकड्याचे साहाय्य होते. ज्याच्याजवळ बिल्ला नव्हता, त्याच्या बाजूने साक्ष देणारे त्याचे रक्तच असते. ती साक्ष वेळीच नोंदवून घेणे हे आपले काम आहे.