विकर आणि आयन : एकाच कामाचे दोन कारागीर
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



कबाबाचे मटण मऊ व्हावे म्हणून आपल्या घरी त्याला कच्ची पपई चोळतात. पपईतील 'पपेन' हे विकर, म्हणजेच एन्झाइम, मांसातील प्रथिने तोडते. पण विकर म्हणजे सजीवांचे काही गूढ आहे, असे समजू नका. तेही रसायनशास्त्राच्याच नियमांनी चालते.

औषधाच्या दुकानात मिळणारे हायड्रोजन पेरॉक्साइड घ्या. बंद बाटलीत ते पुष्कळ दिवस टिकते. कारण त्याचे पाणी व ऑक्सिजन होण्याच्या वाटेत ऊर्जेचा एक घाट आडवा असतो. त्यात कच्च्या बटाट्याची फोड टाका. लगेच फेस येतो! बटाट्यातील कॅटॅलेज या विकराने घाटातून जणू बोगदाच काढला. आता शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर, बटाट्याऐवजी फेरिक क्लोराइडचे थोडे द्रावण टाका. बुडबुडे येतात. येथे काम करतो तो लोहाचा साधा आयन. आणि कॅटॅलेजच्या अंतरंगातही लोहच असते.

दोघेही उत्प्रेरक. क्रियेचा वेग वाढवतात, स्वतः मात्र खर्च होत नाहीत. जी क्रिया मुळात होणारच नाही, ती दोघांनाही घडवता येत नाही. फरक कोठे? कॅटॅलेजचा एक रेणू दर सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू फोडतो. सुटा आयन त्याच्या जवळपासही पोचत नाही. ही करामत लोहाभोवतीच्या प्रथिनाच्या घडीची. बटाटा उकडून टाका. घडी विस्कटलेली असते, फेस येत नाही.

विकर हे प्रथिन असते, हे १९२६ साली युरिएजचे स्फटिक मिळवून दाखवले अमेरिकेच्या जेम्स समनर यांनी. ते डावखुरे होते आणि सतराव्या वर्षी शिकारीतील अपघातात त्यांचा डावा हातच गेला होता. एका हाताने रसायनशास्त्र जमणार नाही, दुसरे काही शिका, असा सल्ला त्यांना मिळाला. त्यांनी तो मानला नाही. १९३७ साली त्यांनी सहकाऱ्यासह कॅटॅलेजचेही स्फटिक मिळवले आणि १९४६ साली ते नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

पालकहो, "आमच्या मुलीला सायन्स झेपणार नाही" असे म्हणण्यापूर्वी एकदा तिच्या हाती बटाट्याची फोड आणि पेरॉक्साइडची बाटली द्या. ती काय प्रश्न विचारते, ते ऐका. मग ठरवा.