चाळकेवाडीचा सरडा

साताऱ्याहून ठोसेघरच्या रस्त्यानं वर गेलं की चाळकेवाडीचं पठार लागतं. पावसाळ्याआधी, विणीच्या दिवसांत, तिथल्या जांभ्या दगडांवर नर सरडे बसलेले दिसतात. बैलाच्या पोळीसारखी गळ्याखाली लोंबणारी कातडी ते पंख्यासारखी उघडतात. निळी, काळी, नारिंगी! कधी मादीसाठी, कधी शेजारच्या नराला दटावण्यासाठी.

एवढा झगमगता प्राणी, पण विज्ञानानं त्याला स्वतंत्र जात म्हणून ओळखलं ते २०१६ साली.

क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८२९मध्ये पुद्दुचेरीच्या सरड्यावरून ‘सिताना’ ही प्रजाती मांडली. १८७०मध्ये जर्डन या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञानं दख्खनच्या सरड्याला वेगळं नाव दिलं, पण ते मागे पडलं आणि पुढे द्वीपकल्पातले जवळपास सगळेच पंखागळ्याचे सरडे एका जातीत कोंबले गेले. त्यात नवल नाही. माद्या मातकट, एकमेकींसारख्या. आणि संग्रहालयात स्पिरिटच्या बाटलीत नराचाही रंग उडतो. मग दीपक वीरप्पन, वरद गिरी, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे सरडे जिवंत पाहिले, खवले मोजले, डीएनए ताडून पाहिला. पाच नव्या जाती निघाल्या आणि एक नवी प्रजातीही. तिचं नाव आपल्या मराठीतलंच, ‘सरडा’. तिच्यात तीन जाती: जर्डनची डेक्कनेन्सिस, डार्विनच्या नावाची डार्विनी आणि चाळकेवाडीची सुपर्बा.

ही नुसती पाट्या बदलण्याची हौस, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. चाळकेवाडीवर पवनचक्क्या आहेत. तिथं याच सुपर्बावर झालेला अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त. माणूस अगदी जवळ आला तरी ते लवकर पळत नाहीत. मात्र अंगानं हडकलेले, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके. सगळे सरडे एकाच नावाखाली राहिले असते, तर ‘देशभर भरपूर आहेत’ म्हणून हा बदल कुणी मनावर घेतला नसता.

उन्हाळ्यात तिकडे गेलात, तर गाडी रस्त्यावरच ठेवा. पठारावर घालू नका आणि दगडही उलटवू नका.